विखुरलेल्या कॅसेटींमधून बँडचा अल्बम: वेळ कुठे घालायचा, कुठे नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. इंदूरचा एक रॉक बँड १९९६ ते २००४ या काळात वाजत होता. गाणी मराठी आणि हिंदी, कॉलेजची गॅदरिंगं, गणपतीचे मंडप, दोन-तीन डेमो, पण अल्बम कधीच निघाला नाही. आता बेस वाजवणाऱ्याकडे ९० मिनिटांच्या अकरा कॅसेटी, तीन सीडी-आर आणि जुन्या कॉम्प्युटरची एक हार्ड डिस्क उरली आहे. त्यांनी विचारलंय: यातून ऐकण्याजोगा अल्बम निघेल का, आणि आवाज साफ करण्यापासून सुरुवात करू का?

निघेल. पण सुरुवात आवाज साफ करण्यापासून करू नका. या सगळ्या कामात पुन्हा न करता येणारी गोष्ट एकच आहे, ती म्हणजे टेप उतरवून घेणं. गाण्यांची निवड बदलता येते, क्रम बदलता येतो, मास्टरिंग (सगळ्या गाण्यांना शेवटचा हात फिरवणं) दहा वेळा करता येतं. टेप मात्र कपाटात पडून राहिली तरी थोडी जाते आणि वाजवली की थोडी झिजते. म्हणून निम्मा वेळ उतरवण्यात गेला तरी तो वाया गेला असं समजू नका. बहुतेक लोक याच्या उलट करतात. कॅसेट मिळेल त्या प्लेअरवर घाईने उतरवतात आणि मग त्या मंद, दबक्या फाइलवर सॉफ्टवेअर घेऊन महिनाभर झगडतात.

पहिल्या दिवशी एकही कॅसेट वाजवू नका. प्रत्येक कॅसेटच्या वरच्या कडेचे दोन्ही टॅब मोडून टाका, म्हणजे चुकून काही भरलं जाणार नाही. प्रत्येकीला नंबर द्या, कॅसेटचा आणि आतल्या कार्डाचा दोन्ही बाजूंनी फोटो काढा. मग एक तक्ता करा: नंबर, बाजू, गाणं, अंदाजे तारीख, जागा, कोण वाजवतंय, कशावर भरलं, मूळ की कॉपी. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा. कॅसेटवरून कॅसेट केली की दर पिढीला हिस्स, म्हणजे टेपची सततची सरसर, वाढते आणि वरचे स्वर गळतात. त्यामुळे एकच डेमो चार ठिकाणी सापडला तर कोणता थेट मिक्सरमधून भरला होता, हे शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका. कार्डावर लिहिलेल्या नावांवर विसंबू नका. त्या काळी कॅसेट महाग वाटायची आणि एकाच कॅसेटवर तीनदा भरलं जायचं. प्रत्येक बाजू अगदी शेवटापर्यंत ऐका, कारण जुन्या रेकॉर्डिंगची शेपटी बहुधा तिथेच उरलेली असते.

कॅसेटच्या खिडकीतून टेपच्या गुंडाळीकडे टॉर्च लावून पाहा. कडेवर पांढरट भुकटी किंवा ठिपके दिसले तर ती बुरशी. इंदूरची हवा मुंबईपेक्षा कोरडी असली तरी वीस-पंचवीस पावसाळे कपाटात काढलेल्या कॅसेटी यातून सुटत नाहीत. अशी कॅसेट चांगल्या डेकमध्ये घातली की बुरशी हेडवर आणि रोलरवर जाते, आणि तिथून पुढच्या दहा कॅसेटींना लागते. ती वेगळी ठेवा. हवाबंद डब्यात सिलिका जेलबरोबर आठ-दहा दिवस सुकू द्या. मग तोंडाला मास्क बांधून, धागे न सोडणाऱ्या मऊ कपड्याला टेप अलगद टेकवत ती हाताने एकदा पूर्ण फिरवा. यासाठी टाकाऊ प्लेअर वापरलात तर उत्तम. स्क्रूवाली कॅसेट उघडता येते. चिकटवलेली असेल तर ब्लेडने सांधा फोडून गुंडाळी दुसऱ्या स्क्रूवाल्या कॅसेटच्या खोक्यात बसवायची. तुटलेल्या टेपला साधी चिकटपट्टी कधीही लावू नका. तिचा गोंद बाहेर पसरतो आणि शेजारचा वेढाही चिकटतो. कॅसेटसाठी ३.८ मिलिमीटर रुंदीची खास जोडपट्टी मिळते, तीच हवी. हेडसमोर येणारी स्पंजची छोटी गादी गळून पडली असेल तर आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा येतो. टेप खराब झाली असं समजून लोक ती फेकतात, प्रत्यक्षात फक्त खोकं बदलायचं असतं.

बाजारात नवे मिळणारे यूएसबी कॅसेट प्लेअर या कामाला नकोत. त्यांचा वेग डळमळतो आणि त्यांत डॉल्बी, म्हणजे हिस्स दाबणारी सोय, नसतं. एखादा जुना चांगला डेक मिळवा, त्याचे रबरी पट्टे बदलून घ्या. पट्टे, क्लीनिंगचं सामान, असलं किडुकमिडुक जेल रोड किंवा महाराणी रोडला विचारपूस केली तर मिळतं. हेड आणि टेप ओढणारा लोखंडी दांडा (कॅप्स्टन) ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने, रबरी रोलर मात्र सौम्य साबणाच्या पाण्याने पुसा. दर दोन-तीन कॅसेटींनंतर पुन्हा पुसा. या वयाच्या टेपांचा लेप सुटत असतो, हेडवर तपकिरी थर बसलेला दिसेल.

आता अझिमथ, म्हणजे टेपला टेकणाऱ्या हेडचा कोन. सगळ्या उत्तरातलं एकच वाक्य लक्षात ठेवणार असाल तर हे ठेवा: दबका आवाज म्हणजे बहुतेक वेळा खराब टेप नव्हे, तिरपं हेड. प्रॅक्टिस ज्या टू-इन-वनवर (रेडिओ आणि कॅसेट एकत्र असलेल्या यंत्रावर) भरली त्याचं हेड थोडं तिरपं होतं. तुमच्या डेकचं सरळ आहे. टेपवरच्या चुंबकीय रेघा आणि हेडची फट यांचा कोन जुळला नाही की सर्वांत आधी झांजांची किनार जाते, मग गायकाचे ‘स’ आणि ‘श’ जातात. हेडच्या एका बाजूला, बहुधा स्प्रिंगवर बसवलेला, एक बारीक स्क्रू असतो. डेकचं आउटपुट मोनो करा, हाय-हॅट वाजत असलेला भाग लावा आणि स्क्रू अगदी थोडा, पाव फेऱ्याच्या आत, मागेपुढे फिरवा. एका जागी वरचे स्वर एकदम उघडतात. तीच जागा. मोनो करूनच ऐकायचं, कारण स्टीरिओत चूक लपते. मोनोत डावा-उजवा एकमेकांना खोडतात, त्यामुळे फरक लगेच कळतो. कॅसेटची दुसरी बाजू लावली की पुन्हा जुळवा. पुढची कॅसेट दुसऱ्या यंत्रावर भरलेली असेल तर पुन्हा. सुरुवातीला स्क्रूच्या जागेची खूण करून ठेवा आणि काम संपल्यावर विकतच्या छापील कॅसेटवर हेड मूळ जागी आणा.

टू-इन-वन मोनो असेल तर तेच रेकॉर्डिंग दोन्ही चॅनेलवर येतं. अझिमथ जुळल्यावर दोन्हींची बेरीज केली की संगीत पूर्ण जुळतं, हिस्स जुळत नाही. साधारण ३ डेसिबलची सफाई फुकटात मिळते, तीही आवाजाला धक्का न लावता. अझिमथ न जुळवता बेरीज केलीत तर आवाज भिंतीपलीकडून आल्यासारखा होतो.

डॉल्बी लावायचं की नाही? कार्डावर खूण असेल तर लावा, पण अझिमथ नेहमी डॉल्बी बंद ठेवूनच जुळवा. वरचे स्वर कमी पोचले तर डॉल्बीला ती हिस्स वाटते आणि ते आणखी कापतं. खात्री नसेल तर दोन्ही प्रकारे उतरवा, जागा स्वस्त आहे. टेपचा प्रकारही बघा. साध्या फेरिक टेपला १२० मायक्रोसेकंदांचं इक्वलायझेशन (वरच्या स्वरांचं संतुलन) लागतं, क्रोमला ७०. डेकने चुकीचं निवडलं तर वरच्या स्वरांत साडेचार डेसिबलपर्यंत फरक पडतो.

लॅपटॉपच्या माइकच्या भोकात वायर घालू नका, ते बहुतेक मोनो असतं आणि त्यातून खरखर येते. साधा दोन इनपुटचा ऑडिओ इंटरफेस घ्या. डेकच्या लाइन-आउटमधून ९६ किलोहर्ट्झ, २४ बिटवर उतरवा. सर्वांत मोठा ठोका उणे १० डेसिबलच्या आसपास राहू द्या. २४ बिटमध्ये आवाज लाल रेघेला भिडवायची गरज नसते. उतरवताना लॅपटॉप बॅटरीवर चालवा, निम्मी गुणगुण तिथेच जाते. घरच्या इन्व्हर्टरवर हे काम करू नका. चौकोनी लाट देणारे स्वस्त इन्व्हर्टर असा बझ सोडतात की तो पुढे काढता येत नाही. हिशेब असा: या दर्जाच्या एका तासाच्या स्टीरिओ फाइलला सुमारे २ जीबी लागतात. तुमच्या अकरा कॅसेटी म्हणजे साडेसोळा तास, जवळपास ३४ जीबी. अझिमथ, पुसापुशी, पुन्हा उतरवणं धरून वेळ दुप्पट धरा. या मूळ फाइलींवर नंतर काहीही करायचं नाही. काम नेहमी कॉपीवर, आणि मूळ फाइलींच्या तीन प्रती, त्यातली एक दुसऱ्या गावी राहणाऱ्या सदस्याकडे.

वेगाचा प्रश्न सगळ्यांनाच गंडवतो. सेल उतरत आलेल्या टू-इन-वनवर भरलेली टेप चांगल्या डेकवर वेगाने धावते आणि गायक अकारण कोवळा वाटतो. सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग. एक टक्का वेग म्हणजे सुमारे १७ सेंट, सहा टक्के म्हणजे जवळजवळ पूर्ण अर्धा स्वर. परदेशी मार्गदर्शनात एक युक्ती सापडते: रेकॉर्डिंगमध्ये विजेची गुणगुण शोधा, ती बरोबर ५० हर्ट्झवर येईल इतका वेग बदला. आपल्याकडच्या जुन्या टेपांना ही युक्ती सरळ लावू नका. नव्वदच्या दशकात ग्रिडच ५० वर ठाम नसायची. संध्याकाळच्या ओझ्याखाली ती ४९ च्याही खाली घसरे, रात्री ५० च्या वर चढे. पश्चिम ग्रिडमध्ये उपलब्धतेवर आधारित दरपद्धत (ग्रिडच्या हर्ट्झप्रमाणे जादा विजेचा दर बदलणारी) जुलै २००२ मध्ये आली, त्यानंतर हा झोका आटोक्यात आला. त्यात मध्य प्रदेशातली त्या वर्षांची वीजकपात आठवा. मंडपातला कार्यक्रम जनरेटरवर असेल तर गुणगुण ४७ वर असू शकते किंवा ५३ वरही. तिच्यावर विसंबून वेग बदललात तर बरोबर असलेली टेप बिघडवाल. दोन टक्क्यांची चूक म्हणजे ३५ सेंट, हे कुणाच्याही कानाला कळतं.

गुणगुणीचा खरा उपयोग दुसरा आहे. एकाच गाण्यात ती हळूहळू वर चढत असेल, तर भरताना सेल उतरत होते. तो उतार मोजून सरळ करता येतो. मूळ स्वर ठरवायला मात्र कीबोर्ड शोधा. गिटार कुणीतरी कानाने लावलेली असते, कीबोर्ड कारखान्यातून ४४० हर्ट्झच्या प्रमाण सुरावर येतो आणि त्याला सहसा कोणी हात लावत नाही. ट्रान्सपोझ केला असला तरी तो अर्ध्या-अर्ध्या स्वरांनीच सरकतो, त्यामुळे मधले २०-३० सेंट दिसले तर ती टेपची चूक. कीबोर्ड नसेल आणि गिटारी काळी दोनपर्यंत उतरवून लावायची बँडला सवय असेल, तर ती सवय आधी सगळ्या सदस्यांकडून पक्की करून घ्या. नाहीतर मुद्दाम उतरवलेली गिटार तुम्ही टेपची चूक समजून वर चढवाल. कुठलाच आधार नसेल तर गायकाच्या आजच्या बोलण्याकडे लक्ष द्या आणि टेपवरची त्याची दोन गाण्यांमधली बडबड ऐका. बोलण्याचा पोत गाण्यापेक्षा लवकर खरं सांगतो.

अकरांपैकी एखादी कॅसेट लावल्यावर भुताटकी ऐकू येत असेल, म्हणजे सगळं अर्ध्या वेगात आणि दुसरी बाजू उलटी, तर घाबरू नका. ती बहुधा चार ट्रॅकच्या पोर्टास्टुडिओवर भरलेली आहे. ही यंत्रं कॅसेटच्या चारही पट्ट्या एकाच दिशेने वापरतात आणि त्यांतली पुष्कळशी दुप्पट वेगाने, म्हणजे सेकंदाला ९.५ सेंटिमीटर, चालतात. शक्य असेल तर तेच यंत्र मिळवा, कारण त्यात बहुधा डीबीएक्स (डॉल्बीसारखीच हिस्स दाबणारी सोय) असतं आणि ते उलगडल्याशिवाय आवाज चिरका आणि फुगल्यासारखा लागतो. नाहीच मिळालं तर दोन्ही बाजू साध्या डेकवर उतरवा, दुसरी बाजू उलटी करा, दोन्हींचा वेग दुप्पट करा आणि ठोक्यांवर जुळवा. दोन वेळा उतरवलेली टेप तंतोतंत एका वेगाने धावत नाही, त्यामुळे दर पंधरा-वीस सेकंदांनी हाताने जुळवावं लागेल. कष्टाचं काम आहे, पण अशी कॅसेट सापडणं म्हणजे लॉटरी: ड्रम, गिटार, बेस, गायक वेगवेगळे हातात येतात.

सीडी-आर आणि हार्ड डिस्क लवकर आटोपतील, पण आधी त्यांच्याकडेच वळा, कारण त्या न सांगता मरतात. सीडी चुका तपासून वाचणाऱ्या प्रोग्रॅमने काढा, तीही दोन वेगळ्या ड्राइव्हवर. फाइलचा स्पेक्ट्रम (खालच्या-वरच्या स्वरांचा आलेख) १६ किलोहर्ट्झवर सुरीने कापल्यासारखा दिसला तर ती १२८ केबीपीएसच्या एमपीथ्रीवरून बनवलेली सीडी आहे. तिला मूळ समजू नका, कॅसेट शोधा. हार्ड डिस्कवरून कॉम्प्युटर चालू करून पाहण्याचा मोह टाळा. अडॅप्टरने जोडा, पूर्ण डिस्कची प्रतिमा (हुबेहूब प्रत) काढा, मग प्रतिमेतून शोधा. जुन्या प्रोजेक्ट फाइली उघडल्या नाहीत तरी वेव्ह फाइली शेजारच्या फोल्डरमध्ये पडलेल्या असतात. त्या रांगेत लावल्या की मिक्स परत मिळतो.

गॅदरिंगची मिक्सरवरून भरलेली टेप ऐकून लोक निराश होतात: गायक कानात बसल्यासारखा आणि गिटार गायब. यात कोणाची चूक नाही. छोट्या सभागृहात गिटारचा अँप आणि ड्रम स्वतःच एवढे मोठे असतात की साउंडवाला त्यांना मिक्सरमध्ये घेतच नाही. टेपवर फक्त मिक्सरमधून गेलेलं येतं. त्याच कार्यक्रमाची प्रेक्षकांतून कुणी भरलेली कॅसेट असेल तर दोन्ही एकत्र करा. मिक्सरची टेप पुढे, प्रेक्षकांतली मागे. दहा मीटरवरचा आवाज सुमारे २९ मिलिसेकंद उशिरा पोचतो, तेवढी प्रेक्षकांची टेप आधी सरकवा. मग वेगातला फरक. अवघा ०.१ टक्का फरक असला तरी चार मिनिटांच्या गाण्यात शेवटी पाव सेकंद पडतो, म्हणजे दोन ड्रमर. स्नेअरच्या ठोक्यांवर दर मिनिटाला गाठ मारत जा.

तारखा लावणं हे डिटेक्टिव्हचं काम आहे. ड्रमर कोण, कीबोर्डचा आवाज कोणता, निवेदक काय म्हणतोय. मागे झांक्यांचे (विसर्जन मिरवणुकीतल्या देखाव्यांचे) भोंगे ऐकू येत असतील तर अनंत चतुर्दशीच्या आगेमागे. गिटारच्या अँपमध्ये आकाशवाणी घुसली असेल तर ती काय बोलतेय ते कान देऊन ऐका, बातम्यांचं एक वाक्य वर्ष पक्कं करतं. ‘भिया, आवाज बढ़ाओ’ असं कुणी ओरडलंय म्हणून तो भाग कापू नका. त्यातूनच ही टेप इंदूरची आहे हे कळतं.

आता निवड. साडेसोळा तासांतून चाळीस ते पंचेचाळीस मिनिटं, दहा-बारा गाणी. सीडीवर ८० मिनिटं मावतात म्हणून ८० भरू नका. रेकॉर्डवर काढायचा विचार असेल तर एका बाजूला वीस-बावीस मिनिटांच्या पुढे गेलं की आवाज पातळ होतो, हेही डोक्यात ठेवा. एका गाण्याची एकच आवृत्ती घ्या. सगळ्यांना आपली आवडती आवृत्ती हवी असते आणि मग एकच गाणं तीनदा येतं. ते बँडच्या मित्रांनाच ऐकवतं. दोन आवृत्त्यांत एक स्वच्छ पण थंड आणि दुसरी खरखरीत पण पेटलेली असेल, तर शब्द कळतात की नाही एवढंच बघा. कळत असतील तर पेटलेली घ्या. खरखरीला कान मिनिटाभरात रुळतो. निवडीसाठी सदस्यांनी एकत्र बसू नये. प्रत्येकाने वेगळी वीस गाण्यांची यादी द्यावी आणि बँडबाहेरच्या, चांगला कान असलेल्या एकाने शेवटचा शब्द सांगावा.

क्रम काळाप्रमाणे लावायचा मोह होईल. तसं केलंत तर सर्वांत वाईट आवाजाची १९९६ ची प्रॅक्टिस पहिली येते आणि नवखा ऐकणारा तिथेच उठतो. रोलिंग स्टोन्सचा १९८१ चा ‘टॅटू यू’ बराचसा जुन्या, बाजूला पडलेल्या टेपांतून उभा केला होता. त्यांनी वर्षं बघितली नाहीत, वेगवान गाणी एका बाजूला आणि संथ दुसऱ्या बाजूला ठेवली. तुमच्याकडे आवाजाच्या जातीने गट पाडता येतील: डेमो आधी, मंडप आणि गॅदरिंग नंतर. सर्वांत खडबडीत टेप मधल्या दर्जाच्या दोन गाण्यांमध्ये बसवा, कधीही सर्वांत स्वच्छ गाण्यानंतर नाही. दोन गाण्यांमध्ये पूर्ण शांतता ठेवू नका. हिस्स असलेलं गाणं संपून एकदम शून्य आलं की पुढच्या गाण्याची हिस्स दुप्पट जाणवते. टेपवरचीच एक-दोन सेकंदांची रिकामी खोली, टाळ्या, कोणाचं तरी काउंट, यांवरून गाणी एकमेकांत सरकवा.

साफसफाई सगळ्यात शेवटी आणि हात राखून. आधी टिकटिक आणि मध्येच येणारे खटके काढा, मग गुणगुण, मग हिस्स. हिस्स ६ ते ८ डेसिबलपेक्षा जास्त कमी केली की झांजा पाण्याखाली वाजू लागतात. आजकाल डेमक्ससारखे मोफत प्रोग्रॅम गायक, ड्रम, बेस वेगळे काढून देतात. त्यातून वेगळे काढलेले तुकडे जोडून नवा मिक्स बनवू नका, प्लास्टिकसारखा लागतो. मूळ फाइल तशीच ठेवा आणि वेगळा काढलेला गायकाचा आवाज तिच्यावर २-३ डेसिबलपुरता मिसळा. मूळ आवाज खोटेपणा झाकतो आणि शब्द पुढे येतात.

नवीन काही वाजवून घालावं का? ‘टॅटू यू’मध्ये जुन्या वाद्यसाथीवर आवाज नव्याने गायले गेले. तो नवा अल्बम म्हणूनच विकायचा होता, तिथे ते चाललं. तुमचा माल जुना म्हणूनच लोक ऐकणार आहेत. वीस वर्षांनी गायकाचा आवाज बदललेला असतो आणि तो डोकं वर काढतो. टेपवर ऐकूच न येणारा बेस पुन्हा वाजवायला हरकत नाही, पण आधी वेग दुरुस्त करा, मग वाजवा, आणि मुखपृष्ठाच्या आत तसं छापा.

मास्टरिंगमध्ये सगळी गाणी मीटरवर सारखी करण्याच्या फंदात पडू नका. गायकाची पातळी कानाने सारखी करा, बाकी त्याच्यामागे येईल. स्पॉटिफाय साधारण उणे १४ एलयूएफएसवर (आवाज कानाला किती मोठा लागतो त्याचं माप) आणतं, ॲपल उणे १६ वर. कॅसेटचा माल याहून जास्त ठोकण्यात अर्थ नाही, हिस्सच वर येते. ट्रू पीक, म्हणजे आवाजाचं सर्वांत उंच टोक, उणे १ डेसिबल ठेवा.

हक्कांचं प्रकरण कंटाळवाणं आहे, पण मित्र इथेच तुटतात. कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणे गीत, चाल आणि रेकॉर्डिंग हे तीन वेगळे हक्क आहेत. रेकॉर्डिंगचा हक्क त्याचा, ज्याने पुढाकार आणि जबाबदारी घेऊन ते केलं. स्टुडिओचे पैसे बँडने दिले असतील तर बँडचा, पण एखाद्या स्टुडिओवाल्या मित्राने आपणहून फुकट भरून दिलं असेल तर त्याच्याकडून लेखी घ्या. वाजवणाऱ्यांचा हक्क वेगळा, तो ५० वर्षं टिकतो. म्हणून सोडून गेलेल्या ड्रमरची आणि वारलेल्या सदस्याच्या वारसांचीही सही हवी. लेखी करारात मुदत आणि प्रदेश स्पष्ट लिहा. हक्क सोपवल्याच्या कागदात मुदत नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो, आणि प्रदेश नसेल तर फक्त भारत. ऑनलाइन अल्बम जगभर जातो, त्यामुळे ही चूक महागात पडते.

कवितांना चाली लावल्या असतील तर कवीचं मृत्युवर्ष बघा. हक्क मृत्यूनंतर ६० वर्षं, तीही पुढच्या जानेवारीपासून मोजायची. केशवसुत, बालकवी मोकळे. मर्ढेकर १९५६ मध्ये गेले, त्यांची कविता २०१७ पासून मोकळी. कुसुमाग्रज १९९९ मध्ये गेले, तिथे २०५९ संपेपर्यंत परवानगी लागणारच. तुकोबांच्या अभंगाला कोणाचीच नको. कुमार गंधर्वांचं देवास शेजारी असल्यामुळे इंदूरच्या बँडला निर्गुणी भजन गिटारवर घ्यायची हौस होतेच. शब्द कबिराचे म्हणून निर्धास्त होऊ नका. चाल पारंपरिक असेल तर प्रश्न नाही, कुमार गंधर्वांनी बांधलेली असेल तर तिचा हक्क २०५२ अखेरपर्यंत आहे. इंग्रजी बँडांची गाणी वगळाच. कायद्यातल्या कव्हरच्या तरतुदीत वर्षाला किमान ५०,००० प्रतींची रॉयल्टी धरली आहे, दोनशे सीडी काढणाऱ्याला ती झेपत नाही. मालवा हाउसला, म्हणजे आकाशवाणीच्या इंदूर केंद्रावर, युववाणी या तरुणांच्या कार्यक्रमासाठी काही भरलं असेल आणि ते तुम्ही रेडिओवरून टेप केलं असेल, तर ते रेकॉर्डिंग तुमचं नाही. आकाशवाणीची लेखी परवानगी मिळेपर्यंत त्या जागी दुसरं गाणं धरून चाला.

शेवटी पुस्तिका. प्रत्येक गाण्याखाली जागा, महिना-वर्ष, वाजवणारे आणि कशावर भरलं ते द्या. ‘प्रॅक्टिस, टू-इन-वन, मोनो’ एवढं वाचलं की ऐकणारा आवाजाला माफ करतो. प्रत्येक रेकॉर्डिंगला बारा अक्षरांचा आयएसआरसी, म्हणजे त्या रेकॉर्डिंगची ओळख सांगणारा नंबर, लागतो. बहुतेक डिजिटल वितरक तो स्वतःच देतात, पण एकदा मिळालेला नंबर लिहून ठेवा, वितरक बदलला तरी तोच वापरायचा. सीडी किंवा कॅसेट काढणार असाल तर कलम ५२अ प्रमाणे रेकॉर्डिंग करणाऱ्याचं नाव-पत्ता, हक्कदाराचं नाव-पत्ता आणि पहिल्या प्रसिद्धीचं वर्ष छापावं लागतं. हे वर्ष अल्बम निघतो ते, टेप भरली ते नव्हे. १९९८ ची प्रॅक्टिस असली तरी वर्तुळातल्या ‘पी’ (रेकॉर्डिंगच्या हक्काची खूण) पुढे यंदाचंच वर्ष येईल. १९९८ गाण्याखाली, बारीक अक्षरात.